आडवं मांजर, नंबर १०

प्रकल्प: रोलर डर्बी (चार चाकांच्या स्केटवरचा, एकमेकींना अंगाने अडवायचा सांघिक खेळ) शिकणे
ठिकाण: ऑस्टिन, टेक्सास
उद्दिष्ट: लीगची नवशिक्यांची परीक्षा उत्तीर्ण होणे आणि वर्ष संपायच्या आत एक पूर्ण सामना खेळणे

वय ३९. कामावर मी चिप तपासणाऱ्या विभागात आहे. तिथे रोज नोंद ठेवावी लागते: काय केलं, काय मोजलं, काय बिघडलं. तीच सवय इथे लावते आहे.

७ जानेवारी २०२४, रविवार

पहिला वर्ग. शहराच्या पूर्वेला एक जुनं गोदाम, घोटलेल्या काँक्रीटची जमीन, वर पत्रा. आम्ही अठरा जणी. सगळ्यात लहान एकवीस वर्षांची, सगळ्यात मोठी बावन्नची.

पहिला तासभर फक्त पडायला शिकवलं. एका गुडघ्यावर, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग पोटावर. पडताना हात छातीशी आणि मुठी बंद, कारण जमिनीवर बोटं पसरलेली राहिली तर मागून येणारीची चाकं त्यांवरून जाऊ शकतात. पडल्यावर तीन सेकंदांत उभं राहायचं, तेही जमिनीला हात न टेकता. आधी एक पाय पुढे रोवायचा, मग मांडीच्या जोरावर उठायचं. मी चाळीसेक वेळा पडले. रात्री मांड्या भरून आल्या आहेत, पण गुडघे शाबूत आहेत. गुडघ्यांवरची ती जाडजूड पॅडं काय काम करतात ते आज कळलं.

मुद्दाम, ठरवून अंग जमिनीवर टाकण्याची माझी शेवटची वेळ दहावीतली. सांगलीच्या शाळेच्या मैदानात, कबड्डीच्या लाल मातीत.

१४ जानेवारी, रविवार

आज नियमांचा वर्ग. मी इथे का आले तेही लिहून ठेवते.

गेल्या ऑक्टोबरात एका सहकारिणीबरोबर सामना बघायला गेले होते. हेल्मेटवर चांदणी असलेली एक मुलगी वाकून चार जणींच्या फळीत शिरत होती. डावीकडून हुलकावणी, उजवीकडून मुसंडी, पुन्हा मागे. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, कारण समोर जे चाललं होतं ती सरळसरळ चढाई होती. चाकांवरची.

खेळ असा. दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी रिंगणात. एक जॅमर, म्हणजे हेल्मेटवर चांदणीचं कव्हर घालून गुण मिळवणारी, आणि चार ब्लॉकर, म्हणजे अडवणाऱ्या. ब्लॉकरपैकी एक पिव्हट, तिच्या हेल्मेटवर पट्टा. जॅमर वेळ पडली तर आपली चांदणी काढून पिव्हटच्या हातात देऊ शकते, मग पुढची चढाई पिव्हटची. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. एक जॅम, म्हणजे एक खेळी, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, दोन जॅममध्ये तीस सेकंद, सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा. नियमात राहून ब्लॉकरच्या घोळक्यातून जी जॅमर पहिली बाहेर पडेल ती ‘लीड’. पंच दोन छोट्या शिट्या मारतो. लीडला जॅम हवा तेव्हा थांबवता येतो, दोन्ही हातांनी कमरेवर थापा मारून. पहिल्यांदा बाहेर पडण्याचे गुण नाहीत. त्यानंतर वळसा घालून पुन्हा घोळक्यात शिरायचं आणि समोरच्या संघाच्या जितक्या जणींना मागे टाकाल तितके गुण.

कबड्डीत एका वेळी एकच बाजू चढाई करते. इथे दोन्ही संघांच्या जॅमर एकाच वेळी सुटतात. म्हणजे त्याच चार ब्लॉकरनी समोरच्या जॅमरची पकडही करायची आणि आपल्या जॅमरला वाटही काढून द्यायची. माझ्या मते खेळाची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती म्हणाली, “लोक पडू नये म्हणून जपतात, आणि तू पैसे भरून पडायला शिकतीयेस व्हय?” मी म्हटलं, हो. मग ती बराच वेळ माझ्या हेल्मेटकडे बघत होती.

२१ जानेवारी, रविवार

सामान. चार चाकांचे स्केट, हेल्मेट, गुडघ्याची आणि कोपराची पॅडं, मनगटाचे गार्ड, दातांचं रक्षक. यातली एकही गोष्ट नसेल तर रिंगणात पाय ठेवू देत नाहीत.

स्केटच्या बाबतीत फसले. दुकानात नेहमीच्या बुटाचा नंबर सांगितला आणि त्यांनी तोच दिला. पाऊल मोजलं नाही, मोजायला हवं हेही सांगितलं नाही. दोन आठवड्यांत डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, कारण प्रत्येक थांबण्याला पाऊल आत पुढे सरकत होतं. स्केट बुटापेक्षा घट्ट हवेत. बोटं टोकाला टेकली पाहिजेत पण दुमडता कामा नयेत, आणि टाच जागची हलता कामा नये. लीगमधल्या एकीने तिचे जुने, अर्ध्या नंबराने लहान स्केट दिले. ते घातले आणि पाय पहिल्यांदा माझ्या ताब्यात आल्यासारखा वाटला. नवीन येणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: आधी कुणाचे तरी उसने घालून बघा, मग पैसे घाला.

४ फेब्रुवारी, रविवार

थांबायला शिकतो आहोत. या थांबण्याला इथे ‘प्लाऊ’ म्हणतात. प्रशिक्षक बाईंनी बर्फ सारणाऱ्या गाडीचं उदाहरण दिलं. मी बर्फाच्या मुलखातली नाही, माझ्या डोळ्यासमोर नांगर आला. पाय फाकवायचे, बोटं आत वळवायची, गुडघे वाकवायचे आणि टाचांनी जमीन बाहेर ढकलायची. नुसते पाय वळवून काही होत नाही. फाळ वरवर फिरला तर ढेकूळ फुटत नाही, त्यावर भार यावा लागतो. आजोबा नांगरटीच्या वेळी रुमण्यावर कसा भार देऊन चालायचे ते आठवलं आणि कंबर खाली घेतली. चाकं करकरली. थांबले.

पाच मिनिटांत १४ फेऱ्या. परीक्षेला २७ लागतात, म्हणजे एका फेरीला साधारण ११ सेकंद. डर्बी लीगांच्या संघटनेच्या किमान कौशल्यांच्या जुन्या यादीतली ही अट, आमच्या लीगने अजून ठेवलेली.

१८ फेब्रुवारी, रविवार

१७ फेऱ्या. वळणावर उजवा पाय उचलून डाव्यावरून पलीकडे टाकायला सुरुवात केली. डावीकडे वळणं अंगाला अजून परकं वाटतं. जन्मभर देवळात उजवी घालून प्रदक्षिणा केली, आता आठवड्यातून तीन दिवस त्याच्या उलट फिरते आहे.

१० मार्च, रविवार

आजची नोंद मोठी.

सरावाच्या शेवटी प्रशिक्षक बाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू योग्य जागी वेळेवर पोचतेस, नेमकं कुठे जायचं ते तुला बघता येतं. पण समोरची अंगाला लागली की तू जागा देऊन टाकतेस. खांदे आत घेतेस, कोपरं पोटाशी ओढतेस, श्वास धरतेस.

घरी येताना गाडीत एकच शब्द डोक्यात होता: अंग चोरतेय मी.

कुठे शिकले ते शोधायला लांब जावं लागलं नाही. एसटीत तिघांच्या बाकावर शेजारी कुणी बाप्या बसला की खिडकीला चिकटून, दप्तर मांडीवर घेऊन, दोन्ही गुडघे एकमेकांना दाबून बसायचं. दहावीनंतर कबड्डी सुटली ती ‘आता मोठी झालीस’ या एका वाक्यावर. सिनेमाच्या रांगेत, लोकलमध्ये, पुढे विमानातल्या मधल्या सीटवर, मीटिंगच्या टेबलाशी, सगळीकडे मी माझ्या मापाच्या निम्म्या जागेत मावते. कुणी मला दटावून तसं बसवत नाही. हाडांनाच सवय झाली आहे.

मराठीत अंग चोरण्याचे दोन अर्थ आहेत. आकसून बसणं हा एक, कामात कुचराई करणं हा दुसरा. ब्लॉकर म्हणून उभी राहिले की दोन्हींचा अर्थ एकच होतो. मी आकसले की माझ्या शेजारणीवर दोघींचा भार पडतो.

बाईंनी एक व्यायाम दिला. दोघींनी खांद्याला खांदा, कंबरेला कंबर लावून एकमेकींवर पूर्ण रेलायचं आणि तशाच अवस्थेत फेऱ्या मारायच्या. एकीने अंग काढून घेतलं की दुसरी पडणारच. पहिल्या फेरीत माझ्यामुळे बावन्न वर्षांची बाई दोनदा पडली. उठून म्हणाली, पुन्हा. चौथ्या फेरीला मी तिच्यावर रेलले. तिच्या दंडाचा घाम माझ्या बाहीला लागला, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि आम्ही दोघी वळण पार करून गेलो.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

काल ग्रहण होतं, ढगांमागे भर दुपारी अंधारून आलं. आज गुढी उभारली. श्रीखंड केलं. सराव नाही.

१४ एप्रिल, रविवार

लेकीला शाळेत ‘स्थानिक इतिहास’ लिहायचा होता. तिने माझाच खेळ घेतला. दोघींनी मिळून शोधलं.

डर्बी जन्मली शिकागोत. मंदीच्या दिवसांत लिओ सेल्टझर नावाच्या आयोजकाने १३ ऑगस्ट १९३५ रोजी शिकागो कोलिझियममध्ये जोड्यांची स्केटिंगची लांब शर्यत भरवली. प्रत्येक जोडीत एक पुरुष, एक बाई. एकाच लाकडी रिंगणात फिरत फिरत अमेरिका आडवी पार करण्याइतकं अंतर कापायचं. पुढे जाणाऱ्यांना अडवण्यात, धक्काबुक्कीत लोकांना जास्त रस आहे हे दिसलं आणि शर्यतीचा सांघिक खेळ झाला. टीव्हीच्या काळात तो फार गाजला, पण हळूहळू त्यात नाटकी मारामाऱ्या वाढल्या आणि सत्तरच्या दशकात ओसरला.

तो पुन्हा उभा राहिला तो आमच्याच गावात. २००१ मध्ये ऑस्टिनमधल्या बायकांनी एकत्र येऊन संघ बांधले. २००३ मध्ये त्यांच्यात फूट पडली. एका गटाने उतरत्या लाकडी रिंगणावर खेळायचं ठरवलं, दुसऱ्या गटाने, टेक्सास रोलरगर्ल्सने, सपाट जमिनीवर. माझ्या मते खरी क्रांती ती सपाट जमीन. लाकडी रिंगण बांधायला, साठवायला, हलवायला पैसा आणि जागा लागते. सपाट रिंगणाला फक्त चिकटपट्टी लागते. २००४ मध्ये सपाट रिंगणावरच्या लीगांची संघटना झाली, २०११ मध्ये टोरांटोला पहिला विश्वचषक भरला. दहा वर्षांत एवढं, आणि तेही खेळणाऱ्यांनीच लीग चालवून. आमच्याकडेही प्रत्येकीला महिन्याला काही तास काम असतं: हिशेब, झाडलोट, तिकिटं, पंचगिरी.

लेकीने शेवटी लिहिलं, ‘माझी आई हे करते.’ मी ते पुसायला सांगितलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

उलटं वळायला शिकताना मागे पडले, थेट माकडहाडावर. डॉक्टर म्हणाले मोडलेलं नाही, मुका मार आहे, तीन आठवडे विश्रांती. बसताना उशी. मोकळ्या जागेत, घाई नसताना पडले याचं वाईट वाटतं. वजन टाचेवर गेलं होतं. पुन्हा उभी राहीन तेव्हा आधी गुडघे तपासायचे.

१९ मे, रविवार

पाय बंद, म्हणून पंचांच्या हाताखाली. मला शिक्षेच्या खुर्च्यांजवळ घड्याळ घेऊन बसवलं. प्रत्येक चुकीला तीस सेकंद खुर्चीत. शेवटचे दहा सेकंद उरले की मी ‘उभी राहा’ म्हणायचं, वेळ संपली की ‘जा’. सात वेळा खुर्चीत आलेली खेळाडू सामन्यातून बाद.

या तीन आठवड्यांत मला खेळ जितका कळला तितका चार महिन्यांत कळला नव्हता. धक्का कुठे चालतो, कुठे नाही ते पाठ होतंच: खांदा, दंड, छाती, कंबर, मांडीचा वरचा भाग चालतो, कोपर, हात, डोकं नाही, समोरचीच्या पाठीवर आणि मांडीच्या मध्याखाली लागता कामा नये. पण खुर्चीत येणाऱ्यांचे चेहरे जवळून बघितले की चूक का झाली ते दिसतं. दहापैकी सात-आठ जणी दमलेल्या असतात. दमलं की माणूस उभं होतं, उभं झालं की हात वर येतात, हात वर आले की शिट्टी. मी तर म्हणेन, प्रत्येक नवशिकीला महिनाभर हे घड्याळ द्यावं.

१६ जून, रविवार

परत चाकांवर. गोदामात वातानुकूलन नाही. संध्याकाळी आठलाही आत ३६ अंश. भारतीय दुकानातून कोकम आगळ आणलं, मीठ-साखर-जिरं घालून मोठा थर्मास भरून नेला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वास घेऊन बघितला. तिसऱ्या दिवशी थर्मास माझ्यापर्यंत परत येईतो रिकामा.

२१ फेऱ्या.

१४ जुलै, रविवार

देखभालीचा दिवस. नवरा आणि लेक बाहेर गेले, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून दोन्ही स्केट खोलले.

आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे सोळा बेअरिंग. पान्याने आसाची नटं काढली, चाकं उतरवली. बेअरिंगची टोपी सुईने उचकटली. आत छर्ऱ्यांभोवती राखाडी लगदा होता: गोदामातली काँक्रीटची धूळ आणि जुनं तेल यांचं पीठ. सगळी बेअरिंग काचेच्या बरणीत घालून वर अल्कोहोल ओतलं, झाकण लावून घुसळलं. पाणी दुधाळ काळं झालं. ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा घुसळलं. तिसऱ्या खेपेला स्वच्छ राहिलं. पंख्याखाली कापडावर वाळत घातली. सोळा चकचकीत वेटोळी बघून लहानपणी आजी वाटीत साठवायची त्या जुन्या जोडव्यांची आठवण झाली. प्रत्येकीत तेलाचा एक थेंब, जास्त नाही, जास्त तेल धूळ ओढतं. बोटावर धरून फिरवलं तर आवाज न करता फिरत राहतं.

नट बसवताना आधी पूर्ण आवळायचं आणि मग किंचित सोडायचं, इतकंच की चाक बाजूला हलवलं तर केसभर हलावं. आवळून ठेवलं तर बेअरिंग घासतं.

चाकंही बदलली. चाकाचा कडकपणा आकड्यात असतो, आकडा मोठा तितकं चाक कडक आणि निसरडं. माझी ९६ची होती. घोटलेल्या, धुळीच्या जमिनीवर वळणावर बाहेर फेकली जायचे आणि भीतीने वेग कमी करायचे. ९१ची घातली. ट्रकची, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या भागाची, रबरंही पाव वेढा सैल केली, आता स्केट झुकवला की वळतो. संध्याकाळी गल्लीतच चालवून बघितलं. फरक तळपायाला कळतो.

२१ जुलै, रविवार

२४ फेऱ्या. तीन फेऱ्या चाकांनी दिल्या की माझ्या पायांनी, हे सांगता येणार नाही. कामावर असते तर एका वेळी एकच गोष्ट बदलली असती. पुढच्या वेळी तसंच.

११ ऑगस्ट, रविवार

पूर्ण धक्क्यांचा पहिला महिना. तिघींची फळी बांधायला शिकतो आहोत: दोघी शेजारी शेजारी पाठ करून, तिसरी समोर तोंड करून त्यांना धरून तोलते. जॅमर मागून दोघींच्या मधल्या फटीत आदळते, तिघी मिळून तो भार पितात आणि वेग मारतात.

इथे माझी जुनी विद्या आडवी आली. मी शाळेत उजवा कोपरा सांभाळायचे. कोपऱ्यावर हाताला हात घट्ट, मनगटाला मनगट, साखळी सुटता कामा नये हे सरांनी घोटून घेतलेलं. आज जॅमर आमच्या दोघींच्या मधून शिरायला लागली आणि माझ्या हाताने शेजारणीचं मनगट पकडलं. मी ठरवलं नव्हतं, हाताने केलं. शिट्टी. पंचाने पुकारलं: माझ्या संघाचा रंग, माझा नंबर, आणि चुकीचं नाव, ‘मल्टिप्लेअर’. एकमेकींना धरून वाट बंद करणं इथे गुन्हा आहे. संघातल्या मुलीला हात लावता येतो, आधार देता येतो, पण हातांची कडी घालून अडवता येत नाही. मध्ये फट राहायलाच हवी आणि ती अंगानेच मिटवायची.

कबड्डीची साखळी हातांची, इथली साखळी कमरांची. दोन महिने तरी लागतील हात विसरायला.

पण कोपऱ्याची नजर कामाला आली. चढाईवाली कुठे बघते त्यावर जाऊ नको, तिचा पुढचा पाय बघ, असं सर सांगायचे. जॅमरचंही तेच. डोळे फसवतात, खांदे फसवतात, चाकांचं टोक जिकडे वळलं तिकडेच ती जाणार. आज तीनदा आधीच कळलं आणि तीनदा मी तिथे होते.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

सकाळी पूजा, दुपारी मराठी मंडळाची आरती, संध्याकाळी सराव. डब्यातून तळलेले मोदक नेले. जॅमरनी दोन-दोन खाल्ले आणि पंचांना उरले नाहीत.

२२ सप्टेंबर, रविवार

परीक्षा. लेखी उत्तीर्ण. पडणं, उठणं, थांबणं, उलटं वळणं, धक्का देणं, धक्का घेणं: सगळं उत्तीर्ण.

फेऱ्या २६. नापास.

बाईंनी सांगितलं, दोन आठवड्यांनी पुन्हा. मी गाडीत बसून रडले. दमून आलं असेल, पण एका फेरीसाठी रडू येईल असं मला वाटलं नव्हतं. या वयात एखाद्या गोष्टीची इतकी ओढ लागते हे लिहून ठेवायला हवं.

६ ऑक्टोबर, रविवार

गेले दोन आठवडे एकच गोष्ट केली. वळणावर डाव्या पायाची खालून ढकल मी अर्धवट सोडत होते, उजवा पाय टेकला की लगेच उचलत होते. डावा पाय पूर्ण लांब होईपर्यंत ढकलायचा. आणि सरळ भागात दम न खाता आतल्या रेषेपासून बाहेर, पुन्हा वळणाच्या टोकाशी आत.

२७ आणि वर पाव फेरी. बावन्न वर्षांची बाई रिंगणाबाहेरून प्रत्येक फेरीचा आकडा ओरडत होती. ती गेल्या खेपेलाच उत्तीर्ण झाली होती, आज फक्त माझ्यासाठी आली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

माहेरी दसऱ्याला विळे-कोयती धुऊन पूजेला मांडतात. मी पाटावर स्केट, पाना आणि हेल्मेट ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल चाकांच्या मध्ये खोवलं. फोटो आईला पाठवला. तिने ताबडतोब उत्तर दिलं: “उजव्या बुटाची दोरी झिजलीय, बदल.”

खरंच झिजली होती.

आज नाव आणि नंबरही ठरवायचा होता. डर्बीत प्रत्येकीचं खेळातलं नाव असतं. जुन्या डर्बीत १ नंबर कुणालाच देत नसत. १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या सेलम गावाजवळ फिरत्या संघाच्या बसला अपघात झाला, बहुतेक जण गेले, त्यांच्या आठवणीत तो नंबर बाजूला ठेवला गेला. वाचल्यापासून ते मनात आहे, म्हणून १ कडे मी गेलेच नाही. मी १० घेतला. सांगलीच्या गाड्यांचा, एमएच १०.

नाव: आडवं मांजर. मांजर आडवं गेलं की माणसाने थांबायचं असतं. ब्लॉकरचं दुसरं काम काय असतं? संघातल्या मुलींना समजावून सांगावं लागलं नाही, काळ्या मांजराची त्यांचीही तीच समजूत. पाठीवर देवनागरीत छापून घेतलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

रिंगण आखायला गेले होते. सामन्याचा हॉल भाड्याचा, म्हणून दर वेळी आखायचं आणि दर वेळी उचलायचं.

हे काम मला फार आवडलं. हॉलच्या मध्यरेषेवर ३५ फुटांच्या अंतरावर दोन केंद्रं. प्रत्येकावर एकीने टेपचं टोक दाबून धरायचं, दुसरीने साडेबारा फुटांवर खडू धरून अर्धवर्तुळ काढायचं. गावाकडे विहिरीची जागा आखताना खुंटी आणि दोरी घेऊन गवंडी जसा फिरतो, तसंच. दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडली की आतली कड झाली. बाहेरच्या कडेची त्रिज्या साडेसव्वीस फूट, पण तिची केंद्रं एक-एक फूट बाजूला सरकवायची, एका टोकाला एकीकडे, दुसऱ्या टोकाला उलट. त्यामुळे रिंगण सगळीकडे सारखं रुंद राहत नाही. वळणातून बाहेर पडताना १३ फूट, पुढच्या वळणात शिरताना १५. वर्षभर त्यावर फिरले, आणि पायांना जे जाणवत होतं त्याचं कारण आज खडूने काढलं.

खडूच्या रेषेवर आधी बारीक दोरी, मग दोरीवर चिकटपट्टी. रेष नुसती रंगाची नको, उंचवटा हवा, म्हणजे मान खाली न घालता चाकाला कळतं की कड आली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सामना. नवशिक्यांचे दोन मिश्र संघ. नवरा आणि लेक पहिल्या रांगेत. आई तिकडे पहाटे उठून फोनवर.

मी एकूण अकरा जॅम खेळले. चौथ्या जॅमला मनगट धरलं आणि खुर्चीत गेले. तीस सेकंद. ‘उभी राहा’ ऐकलं, ‘जा’ ऐकलं, आत आले.

नववा जॅम मला सगळाच्या सगळा आठवतो. समोरची जॅमर माझ्याहून उंच, चौदा वर्षं बर्फावर हॉकी खेळलेली. पंचांनी पाच सेकंदांची सूचना दिली, शिट्टी झाली आणि ती मागून थेट माझ्या कमरेला भिडली. बावन्न वर्षांची बाई माझ्या डाव्या कमरेला कमर लावून होती. मी नांगर धरला. गुडघे आणखी खाली. जॅमर उजवीकडे सरकली, तिचं पुढचं चाक बाहेरच्या रेषेकडे वळलेलं दिसलं, मी तिच्याआधी तिथे. ती आत आली, आम्ही दोघी तिच्याबरोबर आत. पुन्हा बाहेर. तिचा श्वास माझ्या कानाशी होता. माझी चाकं दोरीवरून गेली, ‘कट् कट्’ असा तळव्याला आवाज आला, म्हणून अर्धा फूट आत घेतलं. खांदे उघडे होते, कोपरं पोटाशी नव्हती, मी श्वास सोडत होते. आमची जॅमर तोवर दोनदा फिरून आली, आठ गुण. मग तिने कमरेवर थापा मारल्या. चार शिट्ट्या. समोरची अजून माझ्या मागेच होती.

तिने माझ्या हेल्मेटवर हलकी टपली मारली आणि म्हणाली, छान अडवलंस.

सामना हरलो, १४१ विरुद्ध ११८.

१७ नोव्हेंबर, रविवार

डाव्या मांडीवर हाताच्या पंजाएवढा निळा डाग. उजवा खांदा दुखतो, पण पूर्ण वर जातो.

आईचा फोन. पहिलं वाक्य: “शेवटी शेवटी उभी राहात होतीस, गुडघे वाकव.” मग म्हणाली, “त्या उंच पोरीला मात्र तू सोडलं न्हाईस.” मग गप्प. मग विचारलं, पुढचा कधी.

दुपारी रिंगण उचलायला सहा जणी होतो. चिकटपट्टी एका ओढीत निघत नाही, गुडघ्यांवर बसून दोन-दोन हात सोलावी लागते. तिचा फुटबॉलएवढा गोळा झाला, लेकीने तो घरी आणला. दोरी मात्र टाकत नाहीत. मी ती कोपर आणि अंगठ्याच्या बेचक्यात गुंडाळली, आतल्या कडेची वेगळी, बाहेरच्या कडेची वेगळी, दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या.

कामं: बेअरिंग धुणे. उजव्या टाचेकडचं आतलं चाक झिजलं आहे, डाव्याशी अदलाबदल. दोऱ्या आमच्या गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत. पुढचं रिंगण ७ डिसेंबरला, सकाळी सातला हॉल उघडतो.